मान हलली की सौदा पक्का

"आईनं मान हलवली. आता आणखी काय हवंय?" असं म्हणून धाकटा जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलासुद्धा.

मान हलली की सौदा पक्का, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असे. तळमजल्यावर लिलावघर, वर राहती जागा. लोकांच्या घरातलं जुनं सामान हातोड्याखाली विकून तीन पिढ्या वाढल्या. लिलावात बोली लावायला तोंड उघडावं लागत नाही, समोरच्याची मान हलली की आकडा चढतो. एका गृहस्थानं कानाशी गुणगुणणारा डास झटकायला म्हणून मान हलवली आणि बिचारा आरसे लावलेलं अख्खं कपाट घेऊन घरी गेला, ही गोष्ट वडील असेपर्यंत दर पाहुण्याला सांगितली जायची. पाहुणा हसला की वडील गंभीर होऊन म्हणायचे, "हसता काय? हलवलेली मान परत घेता येत नाही."

त्याच कायद्यानं आज सकाळी आईचा निकाल लागला होता. दोघे मुलगे, मुलगी आणि मोठी सून तिच्या पलंगाभोवती उभी राहिली. धाकट्यानं वाकून मोठ्यानं विचारलं, "आई, शुश्रूषा केंद्रात जायचं ना? रात्रंदिवस नर्स असते तिथं. बागही आहे." आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. धाकट्यानं पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. मग आईनं मान हलवली. येत्या शनिवारी केंद्राची गाडी येणार, असं ठरलं.

"मान हलवली म्हणे!" ताई अजून उभीच होती. ती मधली, एका शाळेत मुख्याध्यापिका. "विचारलंस कसं तू? 'जायचं ना?' असं विचारलं की कोण नाही म्हणेल? माझ्या शाळेतली पोरंही अशा प्रश्नाला हो म्हणतात."

"आणि तू तो ठोंब्या आणून तिच्या उशाशी बसवलास, तेव्हा तिची परवानगी घेतली होतीस?"

"ठोंब्यामुळे वहिनीला दुपारी डोळा लावता येतो. विचार तिला."

"वहिनीला झोप मिळते, मान्य. पण आईला काय मिळतं? एक बोलकी किटली!"

ठोंब्या हे नाव धाकट्याचंच. खरं म्हणजे तो एक यंत्रमानव होता. दुधाच्या किटलीएवढा, पांढरा, मान वळवणारा, तोंडाच्या जागी गोल काच आणि त्यात मिचमिचणारे दोन निळे ठिपके. इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी तो वापरून बघायला दिला होता. औषधाची आठवण करायची, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, माणसाला एकटं वाटू द्यायचं नाही, हे त्याचं काम. पण समोरचा बोलता बोलता थांबला, तर हा आपला टकामका बघत बसून राही. पहिल्याच दिवशी धाकट्यानं त्याच्याशी बोलून पाहिलं आणि हात टेकले. "अरे, मी थांबलो म्हणजे तुझी पाळी आली ना! ठोंब्या आहेस की काय?"

कारण या घरात थांबणं कोणाला माहीतच नव्हतं. जो श्वास घ्यायला थांबला, त्याचं वाक्य दुसऱ्याचं झालं. आणि या खेळात सगळ्यात तरबेज होती आई. वडील गेल्यावर तिनं हातोडा हाती घेतला, तेव्हा गल्लीतले लोक नुसते ऐकायला येऊन बसत. तिचं बोलणं म्हणजे चाळणीतून पडणाऱ्या मोहऱ्या. गिऱ्हाइकाच्या मनात आकडा येण्याआधी तिच्या तोंडून निघालेला असे. तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात व वाचा दोन्ही गेली, त्याला आता दोनेक वर्षं होत होती. मूठभर अक्षरं उरली होती. तीही अडकत. मग ज्याला सुचेल तो पुढचा शब्द पुरवी, "पाणी? पलंग? पेपर?" आणि आई त्यातल्या कशाला तरी मान हलवी. पुढे पुढे ती अक्षरंही थांबली.

"दादा, तू तरी बोल," ताई थोरल्याकडे वळली. "लहानपणापासून याच्या प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आलास. आजच बरं एकमत झालं दोघांचं!"

थोरला टेबलाच्या कडेवरचा ओरखडा अंगठ्यानं घासत होता. दोघा भावांचं दुकानावरून कधी पटलं नाही. पण गेल्या आठवड्यात बायकोला पलंगाच्या कठड्याला धरून वाकलेली, उठता न येऊन तशीच थांबलेली त्यानं पाहिली होती.

"हिची कंबर गेली," तो म्हणाला. "हात बघितलेस? वेताच्या खुर्च्या विणायची ही. मागची खोली भरलेली असायची कामानं. लोक लांबून खुर्च्या पाठवायचे. आता त्या खोलीत दुसऱ्याचे पाळणे नि पलंग रचलेत. मी काय म्हणतो, आईनं हो म्हटलंय—"

"हो म्हटलेलं नाही! मान हलवलीय!"

"तेच ते."

"तेच ते नाही."

थोरली, म्हणजे घरची मोठी सून, चहाचे कप मांडत होती. चौघांत तिला एकटीला काहीच बोलायचं नव्हतं. मान हलली त्या क्षणी तिच्या अंगातून जे काही उतरून गेलं, त्याची तिला लाज वाटत होती. सुटले, असंच वाटलं होतं तिला. पाठोपाठ दुसरं वाटलं होतं, ते म्हणजे तिथल्या नर्सला आईंचं काय कळणार? आईंच्या डोळ्यांत पाहिलं की तिला कळायचं. भूक, ऊन, कूस बदलायची, सगळं. शेजारीपाजारी तिला आईंचा आवाजच म्हणायचे. दिवसभर मोडून गेली तरी झोपताना तेवढ्या एका शब्दावर ती झोपायची.

"वहिनी, तूच सांग," ताई म्हणाली. "तुला कळतं तिचं. तिला जायचंय?"

थोरलीनं कप खाली ठेवला. "डोळ्यांवरून तरी..." ती म्हणाली, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे धाकट्यानं वाक्य पुरं केलं, "...तयार दिसते. झालं तर मग!"

तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला.

रेडिओ, असंच प्रत्येकाला वाटलं. पण रेडिओ कपाटावर समोर होता आणि बंद होता.

पुन्हा आवाज आला. जुना, घोगरा, मध्येच फाटणारा. दोन वर्षं कोणी न उघडलेलं दार कुरकुरावं तसा. ताईचा हात टेबलावरून घसरला आणि कप कलंडला. चहा थोरल्याच्या मांडीवर सांडला, तरी तो हलला नाही.

"आई?" धाकटा पुटपुटला.

बोळातून चौघं पावलं न वाजवता गेली. एरवी ठोंब्यापाशी आईला बसवून थोरली दार ओढून घ्यायची आणि बाहेरच्या सोफ्यावर गाढ झोपून जायची. आज धाकट्यानं बाहेर येताना दार नीट लावलं नव्हतं. फटीतून खुर्चीत बसलेली आई डाव्या बाजूनं दिसत होती आणि तिच्यासमोर तो पांढरा ठोकळा, मान वर करून बसलेला.

"चोरून ऐकणं बरं नव्हे," थोरला कुजबुजला. आणि सगळ्यांत पुढे तोच सरकला.

"आज खोलीत खूप माणसं आली होती," ठोंब्या म्हणाला. "काय झालं?"

आई बोलली नाही. खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली, तिचा आवाज वळणापलीकडे विरून गेला. धाकट्याला ती शांतता सोसवेना. लिलावात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत कोणी बोललं नाही तर हातोडा पडतो. एवढ्या वेळात त्यानं अख्ख्या बंगल्याचं सामान विकलं असतं. ठोंब्याचे ठिपके मिचमिचत राहिले. त्याला कसलीच घाई नव्हती.

"विचा... विचारलं," आई म्हणाली. "मला."

ताईनं भिंत धरली.

"काय विचारलं?"

"जा..." पुन्हा तेवढाच वेळ. "जायचं. तिकडं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मान हलवली."

"तुम्हाला जायचं आहे म्हणून?"

आईचा डावा हात मांडीवर उघडझाप करू लागला. शब्द घशाशी येऊन मागे फिरत होता, हे मानेच्या शिरेवरून बाहेर उभ्या असलेल्यांनाही दिसत होतं. ताईच्या तोंडून "नाही म्हण, आई—" निघतच होतं, तेवढ्यात थोरलीनं तिच्या तोंडावर हात दाबला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नणंदेला हात लावला होता, तोही असा.

"नाही हलवली... तर..." आई म्हणाली, "परत... विचारतात." आणि खूप वेळानं, "मोठ्यानं."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. दुकानात गेली कित्येक वर्षं तो माणसांच्या माना ओळखून पोट भरत होता. कोणाची खरी, कोणाची डासाची, हे त्याला लांबून कळे.

"मी ऐकतोय," ठोंब्या म्हणाला.

"सून," आई म्हणाली.

थोरलीचा हात ताईच्या तोंडावरून आपोआप निघाला. आपल्याबद्दल काही चांगलं ऐकायला मिळणार, म्हणून तिच्या डोळ्यांत आधीच पाणी तरळलं.

"तिला वाटतं... कळतं. सगळं." आईनं श्वास घेतला. "नाही कळत. मी... पाणी म्हणायला... जायचे. प... म्हणायचे. ती... पांघरूण घालायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"घ्यायचे." आईचे खांदे हलू लागले. "उन्हा... उन्हाळ्यात!" आणि ती पुन्हा हसली. मघाचंच ते हसणं, घोगरं, मोकळं. गिऱ्हाइकानं फुटका आरसा अख्खा समजून घेतला की रात्री जेवताना हसायची तसं.

ते हसणं थोरलीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. तिनं दार ढकललं ते भिंतीवर जाऊन आपटलं.

"तुम्हाला बोलता येतं?"

आई दचकली. तिचा चेहरा डोळ्यांदेखत बंद झाला, ओठ मिटले, मान खाली गेली. आणि दोन वर्षं थोरली ज्या बाईची सेवा करत होती ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली.

"नमस्कार," ठोंब्यानं मान वळवली. "कोणी आलं आहे का?"

"गप रे तू!" थोरली ओरडली. "आंघोळीपासून नखांपर्यंत सगळं मी करायचं, आणि शब्द कोणाला? या डब्याला? मी कोण आहे मग या घरात? मोरी धुणारी?"

"अगं, ती आजारी—" थोरला म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका! कोणीच मध्ये पडू नका!" ती आईसमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता, पण थांबत नव्हता. "लग्न होऊन आले तेव्हा सावकाश बोलायचे मी. आठवतं? आमच्याकडे सगळे सावकाशच बोलायचे. तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. मी 'मला' म्हटलं की तुम्ही 'भूक लागली' म्हणायचात, आणि मी जेवायला बसायचे. भूक नसताना! दुसऱ्याच्या तोंडातलं वाक्य कसं काढून घ्यायचं ते मी कोणाकडून शिकले? सांगा की! आता येतंय ना बोलता?"

आईनं मान वर केली. तिचे ओठ एकमेकांवर दाबले गेले. "म..." ती म्हणाली. "म... मू..."

"माफ कर म्हणतेय, वहिनी," धाकटा कळवळून म्हणाला.

आईचा डावा तळहात खुर्चीच्या हातावर फाडकन आपटला. लिलाव पुकारताना आपटायची तसाच. ती सुनेकडे बघतच नव्हती. धाकट्याकडे बघत होती.

"मूर्ख," ती म्हणाली. स्वच्छ, एका दमात.

ताई हसली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून रडायला लागली. दोन वर्षांनी आई घरातल्या माणसाशी बोलली होती, आणि त्या एका शब्दात तिची सगळी आई होती. धाकटा मात्र तसाच उभा राहिला, तोंड उघडं, एखाद्या पोरासारखा. एरवी त्याला कोणी मूर्ख म्हणालं असतं, तर त्यानं सात शब्दांनी परत केलं असतं.

"बसा सगळे," ताईनं डोळे पुसले. "आणि जो मध्ये बोलेल त्याला मी बाहेर काढीन."

थोरला पलंगाच्या कडेवर टेकला, धाकटा खिडकीशी. थोरली उभीच होती. मग तीही आईसमोर खाली, जमिनीवर बसली. तिनं हात मांड्यांखाली सारले.

"केंद्रात जायचंय का तुम्हाला?" तिनं विचारलं. हळू आवाजात, प्रश्नाला 'ना' न लावता. "मान नको. बोला."

शांतता सुरू झाली. ताईला आठवलं, वर्गात प्रश्न विचारून ती कधी एवढी थांबली नव्हती. आळशी म्हणून पुढच्या मुलाकडे वळायची. धाकट्यानं खालचा ओठ दातांत धरला. थोरल्याला बायकोची पाठ दिसत होती. ती आईसमोर अशी ताठ बसली होती, जणू तिच्यावरच बोली लागली आहे.

"नाही," आई म्हणाली.

धाकट्यानं मोठा श्वास सोडला आणि "ठीक..." म्हणायला तोंड उघडलं. ताईनं नुसतं बोट उगारलं. आईचं संपलं नव्हतं.

"मी... इथं." तिनं बोट खाली, स्वतःच्या पायांकडे दाखवलं. मग तेच बोट सावकाश सुनेकडे वळलं. "तू..."

पुढचं थोरलीला माहीत होतं. तूही इथं, माझ्याजवळ. तूच माझी लेक. ते शब्द तिच्या जिभेवर अगदी तयार होते, आणि आईच्या तोंडात ते घालायचा मोह एवढा होता की तिनं दात घट्ट मिटून घेतले.

"तू... जा," आई म्हणाली.

थोरलीनं वर पाहिलं.

"खाली. वेत... विण." आईच्या कपाळावर घाम आला होता. "दुसरी... कोणी... आण. पगारी." आणि थोडं थांबून, ठोंब्याकडे हात करत, "हा... राहू दे."

"आई, अगं पगारी बाई—" थोरला म्हणायला गेला.

"जा," आई पुन्हा म्हणाली. सुनेलाच. नजर न काढता. तिच्या डोळ्यांत काय होतं ते थोरलीनं सवयीनं शोधलं, आणि पहिल्यांदाच तिला काहीही वाचता आलं नाही. माया होती की कंटाळा? की नुसता व्यवहार, या मालाची जागा इथं नाही, तिथं आहे, एवढाच?

ती उठली. पदर सारखा केला. दारातून बाहेर पडली, बोळातून, चहा सांडलेल्या टेबलाशेजारून, जिन्यानं खाली. मागे ठोंब्या कोणाला तरी विचारत होता, दुपारच्या गोळ्या झाल्या का, आणि ताई त्याला "हो बाबा, देते" असं माणसाला सांगावं तसं सांगत होती.

थोरला तिच्यामागे उतरला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली होती. समोर लिलावघराचं दालन, चिठ्ठ्या चिकटवलेलं सामान, पलीकडे मागच्या खोलीचं दार. ती तिकडे बघत होती असंही नाही. तो दोन पायऱ्या वर टेकला.

"तुला..." तो म्हणाला.

वाईट वाटलं का, हे शब्द त्याच्या तोंडात आलेच होते. त्यानं ते गिळले. मग तो नुसता बसून राहिला. वरून पावलांचे आवाज येत होते, कोणी खिडकी उघडली, कोणी खुर्ची सरकवली. त्याला वाटलं, ही आता बोलणारच नाही.

"मला हाकललं की सोडवलं," ती म्हणाली, "तेच कळत नाहीये."

त्यानं तोंड उघडलं.

"थांबा," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय."